नळी घालायच्या आधीचा प्रश्न

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पोरापाशी नाही, स्वारगेटला चहाच्या टपरीपाशी जमणाऱ्या माझ्या रिटायर दोस्तांपाशी तर नाहीच. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट सोडून बाकीचं सांगतो. घाटात रस्त्यावर दगड पडलेला असला की गाडी बाजूने काढतात, तशी काढतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. तीस वर्षं एसटी चालवली. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हे वाक्य मी घरात इतक्यांदा बोललोय की नातवंडं माझ्याआधी ते पुरं करतात. आमचं गाव आता पुण्याच्या पोटात गेलं, वावरात इमारती उभ्या राहिल्या, पोरगा संतोष त्याच इमारतींच्या धंद्यात आहे. म्हणजे मला कशाची ददात नव्हती. एका गोष्टीची होती, आणि तिथूनच हे सुरू होतं.

कसं लिहावं? लिहितोच. साखरेचा आजार मला पन्नाशीच्या आतच लागला. ड्रायव्हरला लागतोच — बसून काम, अवेळी जेवण, प्रत्येक स्टँडवर गोड चहा. साठीनंतर त्या साखरेने माझं पुरुषपण नेलं. गोळ्या झाल्या, एका वैदूचं चूर्ण झालं. काही नाही. सिंधू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “आता या वयात कशाला? मला काय कमी हाय?” तिला काही कमी नव्हतं. मला होतं. चारचौघांत बसलो आणि कोणी तसला विनोद केला की मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो, आणि घरी येऊन जेवायचो नाही. हा हट्ट वासनेचा म्हणाल तर तेवढा नव्हता. मोडलेली गाडी मला दारात उभी चालत नाही, एवढंच.

शेवटी कॅम्पातल्या एका डॉक्टरकडे ऑपरेशन केलं. आत दोन दांड्या बसवतात. वाकवता येतात, सरळ करता येतात. इम्प्लांट म्हणतात. संतोषला सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. सिंधूला तेवढं खरं माहीत होतं, आणि लाजून तिने ते पोटात ठेवलं. त्या दांड्यांचा पुढे उपयोग किती झाला हे विचारू नका. पण मी पुन्हा ताठ मानेने चालायला लागलो. हसू नका. खरं सांगतोय.

डॉक्टरांनी निघताना एक कार्ड दिलं. छोटं, इंग्रजीत. म्हणाले, “काका, हे कायम खिशात ठेवा. कधी कुठे ॲडमिट झालात आणि लघवीची नळी घालायची वेळ आली, तर आधी हे दाखवा. विसरू नका. तुम्हाला साखर आहे, आतली कातडी नाजूक आहे. दांडी आणि नळी एका जागी फार दिवस राहिल्या तर आतून कातडी झिजते.” मी ते कार्ड ड्रायव्हिंग लायसन्सच्या पाकिटात, लायसन्सच्या मागे सरकवलं. तिथे कोण बघणार?

तीन वर्षं गेली. एक दिवस मंडईतून परत येताना स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. लोकांनी जवळच्या हॉस्पिटलात नेलं. नाव लिहीत नाही. त्यांची चूक नव्हती.

आता इथे नीट सांगायला पाहिजे. थोडं थांबून सांगतो.

दुपारची वेळ होती. पाय लाकडाला बांधलेला. खाटेच्या एका बाजूला संतोष, माझा शर्ट आणि पाकीट हातात धरून. दुसऱ्या बाजूला व्याही, म्हणजे संतोषचे सासरे, खबर कळताच धावत आलेले. सिंधू खाली औषधं आणायला गेली होती. तेवढ्यात एक सिस्टर आली. पंचविशीच्या आतबाहेर असेल. प्रज्ञा तिचं नाव. पुरुष पेशंटची नळी बहुतेक ब्रदर घालतात, पण त्या दिवशी ब्रदर रजेवर होता. हाडाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, त्याआधी नळी घालायची होती. हातात फाईल, एकेक प्रश्न विचारत होती. साखर आहे? हो. बीपी? हो. दारू, तंबाखू? तंबाखू. मग म्हणाली, “आजोबा, लघवीच्या जागी, त्या भागात आधी काही ऑपरेशन झालंय का?”

व्याही माझ्याकडे बघत होते. का बघणार नाहीत? प्रश्न विचारला की माणूस उत्तर देणाऱ्याकडे बघतो. पण मला ते बघणं विस्तवासारखं लागलं. आणि कार्ड चार हातांवर होतं. संतोषच्या मुठीतल्या पाकिटात.

“नाही,” मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, म्हातारा वेदनेत होता, घाबरला, बोलून गेला. थांबा. अजून पुढे आहे.

तिने पडदा ओढला. व्याही आणि संतोष पडद्यापलीकडे गेले. एक कापड, दुसरं काही नाही. तिने कामाला हात घातला आणि तिचा हात थबकला. शिकलेली पोर होती, तिला हाताखाली काहीतरी वेगळं लागलं. चेहरा लाल झाला. वाकून अगदी हळू आवाजात म्हणाली, “आजोबा, खरंच काही झालेलं नाही ना? मी कोणाला सांगणार नाही. फक्त डॉक्टरांना विचारून घेते एकदा.”

बघा. केवढं जपून विचारलं तिने. माझी लाज तिने माझ्याहून चांगली सांभाळली होती. पाच सेकंद होते माझ्याकडे. मुंडी हलवली असती तरी चाललं असतं. पण पडद्यामागून व्याह्यांचा खोकला ऐकू आला. आणि मी — पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात — म्हणालो, “एकदा सांगितलं ना? काम येत नसेल तर दुसरी पाठव. म्हाताऱ्या माणसाचा तमाशा मांडलास तर तुझी तक्रार करीन.”

पलीकडून संतोषही ओरडला, “ओ सिस्टर, काय चाललंय?”

तिने नळी घातली. फाईलवर लिहिलं, “पूर्वीचे ऑपरेशन — नाही.” तो ‘नाही’ माझा होता. अक्षर तिचं होतं.

हाडाचं ऑपरेशन झालं. उठायचं नव्हतं, म्हणून नळी तशीच राहिली. ड्रेसिंगला प्रज्ञाच यायची. तिने माझा राग धरला नव्हता. मी एसटीत होतो कळल्यावर म्हणाली, “कुठला रूट, आजोबा?” मी सांगितला. तर हसली. “म्हणजे माझ्या आईला माहेरी तुम्हीच सोडलंय. ती सांगते, एक ड्रायव्हर होता, चढणाऱ्याने पाय वर घेतला नाही तोवर कंडक्टरला बेल मारू द्यायचा नाही.” तो मीच का, कोणास ठाऊक. मी म्हणालो, मीच तो. छाती फुगवून म्हणालो. त्या ठिकाणी ‘हो’ म्हणायला मला क्षणही लागला नाही.

सहाव्या दिवशी आग व्हायला लागली. सातव्या दिवशी नळीच्या कडेने रक्त आणि लघवी झिरपली. तेही मी लपवलं. दाखवलं तर बघतील, बघितलं तर कळेल. सिंधू चादर बदलताना विचारायची, मी म्हणायचो डाळिंबाचा रस सांडला. नवव्या दिवशी अंगात थंडी भरली, ताप चढला, आणि दहाव्या दिवशी प्रज्ञाने स्वच्छ करताना पाहिलं. लघवीच्या तोंडातून दांडीचं टोक बाहेर दिसत होतं. आतून कातडी फाडून आलेलं. ती किंचाळली नाही. तिने आधी माझ्यावर चादर घातली, मग डॉक्टरांना बोलवायला पळाली. आधी चादर घातली. हे मी रोज आठवतो.

मग धावपळ. दोन्ही दांड्या काढल्या. मूत्रनळीला भोक पडलं होतं, पू झाला होता. ओटीपोटातून दुसरी नळी काढून लघवीला तात्पुरती वाट केली. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि सिंधूला एकटं घेऊन विचारलं, या इम्प्लांटचं आम्हाला कोणी का सांगितलं नाही? मी डोळे मिटून पडून राहिलो. ग्लानीत असल्यासारखा. मी ग्लानीत नव्हतो.

डॉक्टर गेल्यावर सिंधूने कपाळावर हात ठेवला. “अहो, तुम्ही त्या पोरीला सांगितलं न्हवतं का?”

आणि मी म्हणालो, “सांगितलं होतं. तिने ध्यानच दिलं नाही.”

किती सोपं असतं हो. गिअर बदलावा तसं. हाताला सवय असते, डोकं लागतच नाही.

संतोषला आम्ही दांड्यांचं कळू दिलं नाही. नळी घालताना सिस्टरने जखम केली, एवढंच सांगितलं. त्याला तेवढं पुरलं. त्याचा वट आहे, चार पोरं घेऊन त्याने हॉस्पिटलच्या दारात आवाज काढला. “कुठून कुठून उचलून आणता पोरी, आणि आमच्या बापाच्या अंगावर शिकवता?” कुठून कुठून म्हणजे काय, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. प्रज्ञा येरवड्याची. गळ्यात बुद्धाचं बारीक लॉकेट घालायची. मलाही कळलं. मी खाटेवर पडून ऐकलं, आणि मला त्या आवाजाचा आधार वाटला — हेही लिहूनच ठेवतो.

चौकशी मेट्रनच्या केबिनमध्ये झाली. मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. दांड्यांची गोष्ट निघणार म्हणून संतोषला बाहेर ठेवा, असं मीच सांगितलं. आत मेट्रन, मोठे डॉक्टर, सिंधू, मी. आणि प्रज्ञा, फाईल छातीशी धरून उभी.

ती म्हणाली, मी दोनदा विचारलं. मेट्रनने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत सिंधू उठली. माझी सिंधू! उभ्या जन्मात तिने चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं. दवाखान्यात स्वतःचं दुखणं सांगायचं तर माझ्या कानात सांगायची. ती पदर डोक्यावर ओढून, जमिनीकडे बघत म्हणाली, “बाई, ही बोलायची गोष्ट न्हाय. पण बोलते. माझ्या मालकांनी हिला सांगितलं होतं. ते खोटं बोलत न्हाईत. तीस वर्सांत त्यांच्या गाडीला ओरखडा न्हाय.”

एवढी लाजरी बाई एवढं बोलते म्हणजे ते खरंच असणार. कोणालाही तसंच वाटलं असतं.

प्रज्ञा म्हणाली, “आजी, तुम्ही तिथे नव्हता. — आजोबा, सांगा ना. पडद्यामागे मी काय विचारलं होतं? सांगा ना आजोबा.”

मी लघवीच्या पिशवीकडे बघत राहिलो. पिशवी खुर्चीला लटकवलेली होती, अर्धी भरलेली. मी त्या पिशवीवरच्या रेघा वाचत होतो.

तिला त्याच दिवशी काढलं. अनुभवाचं पत्रही दिलं नाही. फाईलमधला ‘नाही’ तिच्यावरच उलटला — न विचारता भरलं, म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल, याला नोकरी जाणं म्हणजे काय हे कळत नसेल. तर ऐका. माझ्या नोकरीच्या दहाव्या वर्षी एका पॅसेंजरने खोटी तक्रार केली होती, ड्रायव्हर पिऊन चालवत होता म्हणून. मी सस्पेंड झालो. चार महिने घरी. सिंधू दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जायची आणि मी दाराकडे पाठ करून बसायचो, कारण रस्त्यावरून माझी बस जायची, दुसऱ्याच्या हातात. मला सोडवलं माझ्या कंडक्टरने, बबनने. तो साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, मी शेजारी होतो, मी सांगतो. त्या पॅसेंजरला मी वीस वर्षं शिव्या दिल्या. खोटं बोलून दुसऱ्याचं पोट मारणारा, त्याला किडे पडतील, असं म्हणायचो. सगळं माहीत होतं मला. माहीत असून केलं.

जखम भरली, पण नीट नाही. मूत्रनळी आतून आकसली. दर काही महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन ती वाट रुंद करून घ्यावी लागते. धार दोन फाट्यांनी येते, म्हणून बाईमाणसासारखं बसून करावं लागतं. ज्या ताठ्यासाठी हे सगळं केलं, तो तिथे आत दार लावून बसलेला असतो. हे मी शिक्षा म्हणून सांगत नाही. शिक्षा माझी मलाच झाली असती तर हिशेब मिटला असता.

सिंधू दोन वर्षांपूर्वी गेली. भाकरी थापताना मधूनच म्हणायची, “त्या पोरीने एकदा चूक कबूल केली असती, तर मी सोडून दिलं असतं.” माझी बायको सासूचा जाच विसरली, भावकीचं भांडण विसरली. उभ्या जन्मात तिच्या मनात एकाच माणसाबद्दल अढी राहिली, आणि ती मी घातलेली. ती अढी घेऊन ती गेली. शेवटच्या आजारात मी रोज ठरवायचो, आज सांगतो. ती पाणी मागायची, मी पाणी द्यायचो. सांगायचं राहायचं. राहायचं कसलं — मी ठेवायचो.

आणि गेल्या हिवाळ्यात सारसबागेत ती दिसली. प्रज्ञा. एका म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत होती. ब्युरोमार्फत घरोघरी म्हातारी माणसं सांभाळायला बायका येतात ना, तसलं काम. अंगावर सिस्टरचा पांढरा ड्रेस नव्हता, साधा पंजाबी ड्रेस होता. मी बाकावर होतो. मी मान फिरवली, पण तिने पाहिलं होतं. खुर्ची घेऊन सरळ माझ्यापुढे आली.

“ओळखलंत का, आजोबा? पण ‘नाही’ म्हणू नका हं. तुमचा ‘नाही’ मला महागात पडतो.”

खुर्चीतला म्हातारा हसला. त्याला वाटलं, आजोबा-नातीची थट्टा चाललीय.

बाग रिकामी होती म्हणा ना. व्याही नव्हते, संतोष नव्हता, सिंधू नव्हती. पडदा नव्हता. कोणाची लाज होती मला? मी किती वेळा स्वतःला विचारलं, त्या बाकावर नक्की कोण बसलं होतं माझ्या शेजारी, ज्याला मी भ्यालो?

“नाही बाई,” मी म्हणालो. “कोण तू?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सिस्टर पेशंटचा ताप बघते तसं. मग म्हणाली, “असू दे. पाय बरा दिसतोय.” आणि खुर्ची वळवून गेली. वळवताना खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावरची शाल तिने नीट केली.

ते कार्ड अजून लायसन्सच्या मागे आहे. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. लायसन्स केव्हाच संपलं.

कधीतरी हे संतोषच्याही हाती पडेल, तेव्हा त्याला सगळं कळेल, हर्नियाचं काय होतं तेही, आणि त्याने कोणाच्या दारात जाऊन कोणाला काय म्हटलं तेही. वाचू दे. तिचं नाव मी मुद्दाम खरं लिहिलंय. दोन वेळा विचारलं होतं तिने. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. तिने डॉक्टरांना विचारते म्हटलं, मी तिला धमकी दिली. सिंधू जे बोलली ते तिला मी सांगितलेलं खोटं होतं.

हल्ली सकाळी संडासात मला वेळ लागतो. बसून राहावं लागतं, थेंब थेंब. बाहेर सून घाई करत असते, नातू दार वाजवतो. आणि दर वेळी, न चुकता, तो हळू आवाज येतो. वाकून विचारलेला. आजोबा, खरंच काही झालेलं नाही ना?

“हो,” मी म्हणतो. “झालंय.”

मोठ्याने म्हणतो. बाहेर त्यांना वाटतं, म्हातारा घसा साफ करतोय.